लेखक आहेत तोवर त्यांचं वाचन टिपून घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत श्राव्य पुस्तकांवरचा लेख आला होता. नातीने तो मला दोनदा वाचून दाखवला. निवेदकाला लागणाऱ्या गुणांमध्ये लेखात पहिलं स्थान 'भारदस्त आवाजा'ला दिलं आहे. त्याबद्दल मला काही सांगायचं आहे आणि ते थोडक्यात सांगता येण्यासारखं नाही, म्हणून जरा जास्त जागा मागते. पत्र मी सांगते आहे, अकरावीतली नात लिहून घेते आहे.

मी ३५ वर्षं मुद्रितशोधक, म्हणजे छापायच्या मजकुरातल्या चुका शोधणारी, होते. १९७४ साली कसब्यातल्या एका छापखान्यात लागले तेव्हा खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्याचे दिवस होते. २००९ साली निवृत्त झाले तेव्हा सगळं संगणकावर आलं होतं. २०१४च्या पावसाळ्यात छापील ओळी मध्येच वाकलेल्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी बारीक चौकटींचा एक कागद पुढे धरला आणि रेघा सरळ दिसतात का विचारलं. दिसत नव्हत्या. मॅक्युलर डीजनरेशन, कोरड्या प्रकारचं. यात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत जातो. कडेचं दिसत राहतं. मी घरात फिरते, चहा करते, दारात आलेलं माणूस अंगलटीवरून ओळखते. पण जिथे नजर रोखावी नेमकं तिथेच धुकं असतं, आणि अक्षर नजर रोखल्याशिवाय वाचता येत नाही. तेव्हापासून मी पुस्तकं ऐकते. रोजचे चार तास तरी होतातच. ज्या माणसाला वाचायची सोय आहे आणि जो प्रवासात गंमत म्हणून ऐकतो, त्याला निवेदक खटकला तर तो पुस्तक उघडू शकतो. मला तो मार्ग नाही. माझ्यासाठी निवेदक वाचेल तेच पुस्तक.

छापखान्यातली माझी पहिली दोन वर्षं नुसती मोठ्याने वाचण्यात गेली. दोघांची जोडी असायची. एकाने मूळ हस्तलिखित वाचायचं, दुसऱ्याने गॅली प्रुफावर, म्हणजे तपासायला काढलेल्या कच्च्या छापावर, पेन्सिल ठेवून ताडत जायचं. मी वाचणारी. विरामचिन्हंही वाचायची: स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद. आमच्या मुख्य मुद्रितशोधकांना आम्ही अण्णा म्हणत असू. माझ्या वाचनात भाव यायला लागला की ते पेन्सिल खाली ठेवत आणि म्हणत, ''ताई, तू रडलीस तर मला वेलांटी ऐकू येत नाही.''

ते वाचन कोरडं होतं, कामाचं होतं. पण त्या दोन वर्षांत एक गोष्ट माझ्या कानात बसली. चांगल्या लेखकाचं वाक्य सपाट सुरात वाचलं तरी समोरच्या माणसाची पेन्सिल क्षणभर थांबते. अण्णांची थांबत असे. वाक्यात जे आहे ते आवाजाने वर आणखी चढवावं लागत नाही.

हे मी त्याही आधी पाहिलं होतं, नाव मात्र देता येत नव्हतं. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात श्रावणात एक काकू शिवलीलामृत वाचत. बायका भोवती वाती वळत बसलेल्या. काकूंचा आवाज किनरा होता, त्याला कोणी भारदस्त म्हटलं नसतं. सगळी पोथी त्या एकाच चालीत म्हणत. सीमंतिनीच्या आख्यानात तिचा नवरा चित्रांगद यमुनेत बुडतो, त्या ओव्यांनाही काकूंची चाल तीच, सूर तोच. पण वाती वळणारे हात थांबत. माझी आई पदर डोळ्यांना लावी. काकू रडल्या असत्या तर आईला रडायला जागा राहिली नसती, असं मला आज वाटतं.

आता आपल्याकडच्या श्राव्य पुस्तकांकडे येते. मराठीला कथाकथनाची मोठी परंपरा आहे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव जाऊन कथा सांगितल्या. व. पु. काळ्यांच्या कॅसेट घरोघरी वाजल्या. पु. ल. देशपांड्यांचं तर काय सांगावं. त्यांचा अंतू बर्वा किंवा रावसाहेब ज्यांनी कधी वाचले नाहीत त्यांनाही ऐकून पाठ आहेत. पण हे सगळे सभागृहात सांगत होते. पुलंच्या ध्वनिमुद्रणांत श्रोत्यांचं हसणं ऐकू येतं, आणि ते हसणं ओसरायच्या नेमक्या क्षणी पुढचं वाक्य येतं. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा म्हणून आवाजाला एक उंची द्यावी लागते, हातवारे नाहीत तर आवाजातच थोडा हातवारा लागतो. आजचे आपले बरेच निवेदक हेच ऐकून मोठे झाले आहेत. ते पुस्तकही तसंच वाचतात, हजार माणसांसमोर उभं राहिल्यासारखं. मी रात्री दहा वाजता एकटी, कानात गोळे घालून अंथरुणावर पडलेली असते. माझ्या कानापासून चार बोटांवर कोणीतरी सभा जिंकत असतं.

रेडिओने हे फार पूर्वी ओळखलं होतं. पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली. आमच्या घरात रेडिओ आला त्या दिवसापासून सुधा नरवणे यांच्या बातम्या ऐकल्या. त्यांचा प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ, आणि तरी वाक्य सलग. त्या सगळ्या जिल्ह्यांना बातम्या देत, पण आमच्या आईला वाटे की आपल्यालाच सांगताहेत. पुस्तक वाचणं म्हणजे बातम्या देणं नव्हे हे मलाही कळतं. एका माणसाशी बोलण्याची ती सवय मात्र निवेदकांनी तिथून उचलण्यासारखी आहे.

माझ्या मते चांगल्या निवेदकाची पहिली परीक्षा वाक्याच्या शेवटी होते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकार तर त्याच्याही नंतर. 'त्या रात्री तो येईल असं वाटून मी दिवा लावून बसले' इथवर एक भाव, आणि पुढे 'नाही' आलं की सगळं उलटं. ज्याची नजर तोंडाच्या पाच शब्द पुढे नाही, तो चुकीच्या भावात अर्धं वाक्य संपवून बसतो आणि मग त्या 'नाही'वर अडखळतो. संवादांचंही तेच. निवेदक ओरडतो, ''चालता हो इथून!'' आणि मग वाचतो, 'ती अगदी हळू म्हणाली.' हे मी एकाच पुस्तकात सहा वेळा ऐकलं. त्या माणसाने पान आधी डोळ्यांखालून घातलेलं नव्हतं एवढाच त्याचा अर्थ. रहस्यकथेत याच्या उलट अडचण असते. तिथे निवेदकाला खुनी कोण ते आधीच माहीत असतं, आणि ते त्याच्या आवाजात दिसता कामा नये.

दुसरी परीक्षा उच्चाराची. काही ठिकाणी छपाई मदत करते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांसाठी आम्ही किती भांडलो असू! 'दर्या' वेगळा, 'दऱ्या' वेगळ्या. तो खिळा नीट लागला आहे ना हे बघायला मी भिंग घेऊन बसत असे. मी स्वतः प्रुफं वाचलेली एक कादंबरी गेल्या वर्षी ऐकली. लग्नघरातला प्रसंग होता. मुलीचे वडील आचाऱ्यांना पैसे देतात. निवेदकाने आचार्यांना दिले. ऐकणाऱ्या एखाद्या मुलाला वाटलं असेल की लग्नात कोणी मोठे विद्वान आले होते.

पण जिथे छपाई काहीच सांगत नाही तिथे निवेदक एकटा असतो. च, ज, झ या अक्षरांचे आपल्याकडे दोन-दोन उच्चार आणि लिपीत खूण एकच. 'तुझं जग' आणि 'तुझं तू जग' यातले दोन 'जग' वेगळे. 'जरा थांब'मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' वेगळे. हे कोशात बघून वेळेवर सापडत नाही, अर्थ समजला तरच तोंडातून बरोबर येतं. मग 'केले' आणि 'केलं'चा प्रश्न. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत, १४ नियम १९६२चे आणि ४ नियम १९७२चे. माझं आयुष्य त्यांच्या सोबतीत गेलं. ते लिहिण्याचे नियम आहेत. जुन्या कादंबरीत 'त्याने दार उघडले आणि आत पाहिले' असं छापलेलं असतं. ते तसंच वाचायचं की 'उघडलं, पाहिलं' म्हणायचं? माझं मत असं की निवेदन छापलं आहे तसं वाचावं, कारण त्या 'ले'चाही एक ताल लेखकाने धरलेला असतो. पण एकदा जे ठरवलं ते शेवटच्या पानापर्यंत पाळावं. एका परिच्छेदात 'गेले' आणि पुढच्यात 'गेलं' ऐकलं की गाडी खडीवरून गेल्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट बोलींची, आणि इथे मला खरोखर वाईट वाटतं. आपल्या निवेदकांनी एक 'गावाकडची भाषा' तयार करून ठेवली आहे. 'न्हाई', 'लई', 'कुटं' एवढ्या भांडवलावर ती चालते. पुस्तक यवतमाळचं असो की सटाण्याचं, शेतकरी आला की तो कोल्हापूरच्या आसपासचं काहीतरी बोलतो. छापलेलं असतं 'मले', 'तुले', 'काऊन'. शब्द तेच वाचतात, पण चाल पंचगंगेकाठची. वऱ्हाडीचा हेल निराळा आहे. अहिराणी माणूस 'मना, तुना' म्हणतो तेव्हा ते नुसते वेगळे शब्द नसतात. मालवणीतला 'माका' लांबवायचा कुठे आणि तोडायचा कुठे हे सावंतवाडीच्या माणसाला विचारावं लागतं. विचारावं! फोन स्वस्त झाले आहेत. ज्या मुलुखातलं पुस्तक आहे त्या मुलुखातल्या एका माणसाकडून दोन पानं वाचून घ्यायला अर्धा तास लागतो.

विचारण्यात कमीपणा नाही, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण विजय तेंडुलकरांनी घालून दिलं आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ साली आला, त्याची प्रस्तावना तेंडुलकरांची. त्या कवितांमधले कितीतरी शब्द आपल्याला ठाऊक नव्हते, हे त्यांनी लपवलं नाही. ते त्यांनी ढसाळांकडून समजून घेतले. मराठी रंगभूमीवरचा एवढा मोठा, भाषेचा एवढा जाणकार माणूस, तो कवीला शब्दांचे अर्थ विचारतो. मग महिन्याला चार पुस्तकं वाचणाऱ्या तरुण निवेदकाला लाज वाटायचं कारण काय? आणि ढसाळांची कविता बातम्यांच्या स्वच्छ आवाजात वाचून पाहा. एकही उच्चार चुकणार नाही आणि एकही ओळ लागणार नाही.

मी हे नुसतं ऐकणारीच्या बाजूने बोलत नाही. डोळे चांगले होते तेव्हा दोन वर्षं मी दर शनिवारी अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत कॅसेटवर पुस्तकं वाचायला जात असे. एक लहान खोली, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. मे महिन्यातही पंखा बंद, कारण त्याची घरघर टेपवर येते. रेशमी साडी नेसायची नाही, सळसळते. बांगड्या काढून ठेवायच्या. पुस्तकाची पानं उलटताना आवाज होतो म्हणून परिच्छेदाच्या शेवटी थांबायचं, पान उलटायचं, मग पुढे. तासाभराच्या वाचनाला अडीच-तीन तास लागत. दोन तासांपलीकडे मला वाचू देत नसत, कारण दमलेला आवाज आपल्याला स्वतःला कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतो. आजही ऐकताना मला कळतं की अमुक प्रकरण जेवणानंतर वाचलेलं आहे.

तिथला नियम असा की पुस्तक अख्खं वाचायचं. शीर्षकाचं पान, आवृत्ती, अर्पणपत्रिका, तळटीपा, सगळं. डोळस माणसाला जे मिळतं त्यातलं काही गाळण्याचा अधिकार आपल्याला नाही. बोलक्या पुस्तकांची सुरुवातच अशा वाचकांसाठी झाली. ब्रिटनमध्ये १९३५ साली ती ग्रामोफोनच्या तबकड्यांवर निघाली, आणि पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज त्यामागे होती. आज बाजारातलं श्राव्य पुस्तक अर्पणपत्रिका सर्रास गाळतं. ज्या बाईने तीन वर्षं खपून पुस्तक लिहिलं आणि ते आपल्या थोरल्या बहिणीला अर्पण केलं, त्या बहिणीचं नाव माझ्या कानापर्यंत येत नाही.

त्या संस्थेत बँकेतून निवृत्त झालेले एक सोलापूरकडचे गृहस्थ वाचत. आवाज किंचित बसलेला, 'श' आणि 'ष' त्यांना वेगळे काढता येत नसत. मी आजवर ऐकलेला सर्वांत चांगला निवेदक कोण असं कोणी विचारलं तर मी त्यांचं नाव सांगेन. ते घरी पुस्तक दोनदा वाचून येत. समासात पेन्सिलीने लहान खुणा केलेल्या असत. म्हातारीचं बोलणं आलं तर आवाज थरथरवत नसत, फक्त थोडे सावकाश होत. लहान मुलाचं आलं तर थोडे भरभर. तेवढ्यावर आम्हाला कोण बोलतंय ते चुकून कधी कळलं नाही असं झालं नाही. ऐकताना दहा मिनिटांत मी त्यांना विसरत असे आणि पुस्तकात जात असे.

आता लेखकांनी स्वतः वाचण्याबद्दल. आपल्या लेखात म्हटलं आहे की लेखक सहसा चांगले निवेदक नसतात, ते काम व्यावसायिकांवर सोपवावं. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. मी छापखान्यात पुष्कळ लेखकांना स्वतःचा मजकूर वाचताना ऐकलं. कोणी शब्द गिळतात, कोणी आपल्याच सुंदर वाक्याला लाजून ते घाईने उरकतात, कोणी वाचता वाचता थांबून 'इथे दुसरा शब्द हवा होता' म्हणून हळहळतात. कवींचं निराळं. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांना मी एका व्यासपीठावर ऐकलं आहे. तिघांचे तीन तऱ्हेचे आवाज, आणि त्यानंतर त्यांची कविता डोळ्यांनी वाचतानाही मला तेच आवाज ऐकू येत राहिले. गोव्याचे बा. भ. बोरकर आपल्या कविता स्वतःच्या चालीत गाऊन म्हणत. पण बोरकरांच्याच कविता पुलं आणि सुनीताबाईंनी वाचल्या, त्याही ऐका. सुनीताबाई गात नाहीत, काही रंगवत नाहीत. त्यांना कविता पाठ असत. वर्षानुवर्षं मनात घोळलेली ओळ त्या नुसती समोर ठेवतात. म्हणजे लेखक नसलेलं माणूसही लेखकाइतकं वाचू शकतं, पण त्यासाठी त्याने त्या मजकुराबरोबर दिवस काढलेले असावे लागतात.

मग लेखकानेच वाचावं असा माझा आग्रह का? एक प्रसंग सांगते.

१९८६ साली एका लेखिकाबाईंची कादंबरी आमच्याकडे छपाईला होती. घरच्यांना न विचारता नाव देणं मला बरं वाटत नाही, आणि पुढचं वाक्यही मी थोडं बदलून देते. आई वारल्याचं एक दहा वर्षांची मुलगी सांगते आहे. हस्तलिखितात असं होतं: 'आई गेली तेव्हा पाऊस पडत होता म्हणून कोण रडलं ते कळलं नाही.' मी 'होता'नंतर स्वल्पविराम घातला. व्याकरणाने तो योग्य होता. दुपारी बाई कापडी पिशवीत प्रुफं घेऊन आल्या. त्या स्वल्पविरामावर बोट ठेवून म्हणाल्या, ''हा नको.'' मी कारण विचारलं. कारण त्यांना सांगता येईना. मग त्यांनी ते वाक्य मला वाचून दाखवलं. एका श्वासात, सरळ, जवळजवळ घाईने, आणि शेवटचा 'नाही' अगदी साधा. थांबली असती तर ती मुलगी रडली असती. म्हणून ती थांबत नव्हती. मी स्वल्पविराम काढला. त्यानंतर त्या पुस्तकातली चौदा वाक्यं बाईंनी मला अशीच वाचून दाखवली आणि मी ती माझ्या वहीत उतरवून त्यांच्यावर श्वासाच्या खुणा केल्या.

बाई २००३ साली गेल्या. त्यांच्या आवाजातलं काहीही कुठे नाही. मी त्यांच्या घरी विचारलं होतं. लग्नाच्या एका कॅसेटमध्ये त्या कोणाला तरी 'पंगत मांडा' म्हणतात, तेवढंच. दोन वर्षांपूर्वी ती कादंबरी श्राव्य रूपात आली. एका नाट्यकलावंत बाईंनी वाचली आहे, आवाज खरोखर भारदस्त आहे, उच्चार शुद्ध आहेत. ते वाक्य आलं. 'होता'नंतर त्या थांबल्या. मागे बासरी सुरू झाली. मग भरलेल्या गळ्याने पुढचं. मी यंत्र बंद केलं आणि त्या रात्री पुढे ऐकू शकले नाही. छापील पानावर आजही तिथे स्वल्पविराम नाही. वाचणाऱ्या बाईंचा यात दोष मानत नाही. त्यांना कोण सांगणार होतं? सांगू शकणारा आवाजच उरलेला नव्हता.

त्या बासरीबद्दलही लिहायला हवं. साठी उलटलेल्या माणसाच्या कानाला आधी क, त, स, श असली बारीक व्यंजनं ऐकू येईनाशी होतात. मागे वाद्य लावलं की तीच व्यंजनं झाकली जातात. माझ्यासारखे ऐकणारे थोडे नाहीत. प्रकरणाच्या सुरुवातीला दोन सूर द्या, हरकत नाही, मजकुराखाली नको.

यंत्राच्या आवाजाविषयी लेखात पुष्कळ आशेने लिहिलं आहे. माझा फोन मला रोज आपलं वर्तमानपत्र वाचून दाखवतो, विजेचं बिल वाचतो, औषधाच्या चिठ्ठीवरचं नाव वाचतो. त्याने माझं परावलंबन कमी केलं, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. जी हजारो मराठी पुस्तकं कोणी माणूस कधीच वाचणार नाही, ती यंत्राने वाचावीत. पण कादंबरीत एक बाई नुसतं 'बरं' म्हणते. ते 'बरं' होकाराचं आहे, रागाचं आहे, की तिला पुढे काही बोलायचंच नाही? मागची चाळीस पानं ज्याच्या मनात आहेत त्यालाच ते म्हणता येतं. यंत्राला आज ते येत नाही आणि घाईतल्या निवेदकालाही येत नाही.

म्हणून प्रकाशकांना आणि श्राव्य पुस्तकं काढणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे. अख्खं पुस्तक लेखकाने वाचावं असं मी म्हणत नाही. पहिलं प्रकरण वाचू द्या. तेही जमत नसेल तर दहा पानं, आवडीची. आवाज थकलेला असेल, मध्ये खोकला येईल, एखादा शब्द चुकेल, राहू द्या. ते पुस्तकाच्या सुरुवातीला ऐकवा, आणि मग निवेदकाला पुढे वाचू द्या. त्याआधी निवेदकाला एक दुपार लेखकाबरोबर बसवा. आत्मकथनं मात्र शक्य असेल तिथे संपूर्ण लेखकाकडूनच घ्या. ज्याने ते भोगलं त्याच्या तोंडून त्याच्या वस्तीची भाषा जशी येते तशी ती दुसऱ्याला शिकवता येत नाही. आणि निवेदकाचं नाव लेखकाच्या नावाबरोबर सुरुवातीलाच सांगा, त्याला पुस्तक दोनदा वाचण्याचेही पैसे द्या. दिवसाला इतके तास या हिशेबाने काम मागितलं तर तो पान पुढे पाहणार कधी?

यासाठी मोठा स्टुडिओ लागत नाही. आज लेखकाच्या घरी जाऊन, खिडक्या लावून, पंखा बंद करून, पलंगावर गादी उभी करून साध्या फोनवरही ऐकण्याजोगं ध्वनिमुद्रण होतं. गावोगावच्या वाचनालयांनी हे मनावर घ्यावं. आपल्या गावात कोणी ऐंशीच्या पुढचे लेखक असतील तर या दिवाळीच्या सुट्टीत दोन मुलं त्यांच्याकडे पाठवावीत. माझ्या ओळखीचे तीन लेखक गेल्या दोन वर्षांत गेले. त्यांतल्या एकांकडे जायचं आम्ही ठरवलं होतं, पाऊस उघडल्यावर.

ती वही माझ्याकडे आहे. मला ती आता वाचता येत नाही, पण नातीला खुणा समजावून सांगितल्या आहेत. एक उभी रेघ म्हणजे अर्धा श्वास, दोन म्हणजे पूर्ण, शब्दांखाली कमान म्हणजे न थांबता. बाईंची ती चौदा वाक्यं मला पाठ आहेत आणि त्या ज्या चालीने बोलल्या त्या चालीने मी ती म्हणून दाखवू शकते. त्या कादंबरीचं ध्वनिमुद्रण पुन्हा कोणी करणार असेल, किंवा ज्यांनी ते वाचलं त्या कलावंत बाईंना नुसतं ऐकावंसं वाटलं, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. सकाळी अकरानंतर मी घरीच असते.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)